खरं आहे, पण लागू पडतं का?

बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढे इथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी बुद्धिमत्ता चाचणी आणि सीसॅट शिकवतो. कापूस-मक्याच्या घरांतली ही पोरं गणिताला घाबरत नाहीत. घड्याळं, नातेसंबंध, रेल्वेची उदाहरणं सरावानं सुटतात. ती अडतात एकाच तऱ्हेच्या प्रश्नापाशी. सर्वेक्षणातली दोन-तीन निरीक्षणं दिलेली असतात, खाली चार संभाव्य कारणं असतात आणि विचारलेलं असतं, यातलं कोणतं कारण या निरीक्षणांचा उलगडा करतं? कधी उलटं, कोणतं करत नाही? या प्रश्नाला सूत्र नाही. तो शिकवताना जे हाती लागलं, ते इथे मांडतो.

१. आकडा काय सांगतो ते आधी नीट म्हणा.

२०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९०८ होत्या. हे दोन आकडे फळ्यावर लिहून "यातून काय समजलं?" असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, "सर, पोटातच मारतात." हे उत्तर कारणाचं आहे, आणि मी अजून कारण विचारलेलंच नसतं. आकडा एवढंच सांगतो की सहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींत मुलींचं प्रमाण दहा वर्षांत घसरलं. मुली जन्मालाच आल्या नाहीत की जन्मल्यावर जगल्या नाहीत, हे त्यात नाही. मुलींची एकूण संख्या वाढली की घटली, हेही नाही. कारणांकडे वळण्याआधी आकड्याचा अर्थ एका वाक्यात वहीत लिहायचा, हा माझ्या वर्गाचा नियम आहे.

२. कारण खरं असूनही गैरलागू असू शकतं.

सगळ्यांत जास्त गुण इथेच जातात, म्हणून इथे मी रेंगाळतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडत होतं. राज्यभर त्याच बातम्या होत्या आणि आमच्या वर्गातही तोच विषय. मी तो प्रश्न म्हणून फळ्यावर घेतला. पर्याय पोरांनीच दिले: पाणी, बुरशी, शांपू, अन्न.

"पाण्यानंच झालं असन सर, तिकडलं पाणी खारं हाय," असं बहुतेकांचं मत. पाणी खारं आहे हे खरंच. शेगावचा तो भाग पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो, आणि तेव्हाच्या तपासणीत पाण्यात नायट्रेटही जास्त निघालं होतं. पण हा पट्टा अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतही पसरलेला आहे आणि तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या खारंच पाणी पितात. मग केस याच गावांत का गेले? याच आठवड्यांत का गेले? पाण्याचं कारण या दोन्ही प्रश्नांपुढे गप्प बसतं. पाणी चांगलं आहे असा याचा अर्थ नव्हे. ते पाणी सुधारायलाच हवं. पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

बुरशीचा संसर्ग असता, तर तो माणसामाणसांतून हळूहळू पसरलेला दिसला असता. इतक्या गावांत जवळजवळ एकाच वेळी तो उगवला नसता. शांपूच्या कारणाला एकच प्रश्न पुरतो: ज्यांनी शांपू कधी लावला नाही, त्यांचे केस शाबूत आहेत का?

पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपला निष्कर्ष जाहीर केला. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे, महाडचे हेच ते डॉक्टर. त्यांच्या पाहणीत १८ गावांतले २७९ रुग्ण होते. त्यांचं म्हणणं असं की रेशनवर आलेल्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट होतं, रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांतही ते खूप वाढलेलं होतं, आणि जस्त कमी झालेलं होतं. गहू पंजाबकडचा असल्याचं त्यांनी सांगितलं. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहरकडच्या काही जमिनी सेलेनियमयुक्त म्हणून जुन्या काळापासून नोंदलेल्या आहेत.

मी मुलांना ६०० या आकड्यापेक्षा "स्थानिक गव्हाच्या" या दोन शब्दांकडे बघायला लावतो. नुसतं "गव्हात सेलेनियम सापडलं" म्हटलं असतं तर काहीच सिद्ध झालं नसतं, कारण थोडं सेलेनियम सगळ्याच गव्हात असतं. शेजारचा गहू तपासला म्हणून तुलना उभी राहिली. शिवाय एकाच वाटपाचं धान्य अनेक गावांत एकाच सुमारास पोचतं, म्हणून "हीच गावं का, आत्ताच का" यालाही या कारणात जागा आहे. चार पर्यायांत निरीक्षणांशी सगळ्यांत जास्त जुळतो तो हाच.

३. जे कायम होतं, त्यानं बदल समजत नाही.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. उल्कापातामुळे झालं, असं आजही कुणीतरी वर्गात म्हणतं. उल्का पडून हजारो वर्षं झाली, पाणी त्या जूनमध्ये बदललं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला नमुन्यांत खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव सापडले, आणि पाण्याची पातळी उतरली की खारटपणा वाढतो. बदलाचं कारण बदललेल्या गोष्टींतच शोधायचं.

४. कारण पुढच्या-मागच्या वर्षांवर लावून बघा.

यासाठी 'असर' अहवालाइतकं चांगलं साहित्य मला दुसरं मिळालेलं नाही. 'प्रथम' संस्था २००५ पासून ग्रामीण शिक्षणाचं हे सर्वेक्षण करते. ग्रामीण भारतात ६ ते १४ वयाच्या मुलांपैकी सरकारी शाळांत नोंदणी असलेली २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती, २०२२ मध्ये ७२.९ आणि २०२४ मध्ये ६६.८.

पहिले दोनच आकडे दाखवून मी विचारतो, वाढ का झाली? जिल्हा परिषद शाळा सुधारल्या, हे उत्तर पोरांना आवडतं. मलाही आवडतं, माझं सगळं शिक्षण जिल्हा परिषदेच्याच शाळेत झालं. मग दुसरी रांग लिहितो. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, २०२२ मध्ये १६.३, २०२४ मध्ये २३.४. वाचन सगळ्यांत खाली गेलं तेव्हा पट सगळ्यांत वर, आणि वाचन सुधारलं तेव्हा पट उतरला. शाळांच्या सुधारणेनं मुलं ओढली असती, तर दोन्ही रांगा एकाच दिशेनं चालल्या असत्या. कोरोनाकाळात फी परवडेना, छोट्या खासगी शाळा बंद पडल्या, स्थलांतरित कुटुंबं गावी परतली, ही कारणं मात्र २०२२ चा चढ आणि २०२४ चा उतार दोन्ही सांभाळतात. दोन्ही रांगा एकत्र ठेवल्यावर वर्गात जी शांतता होते ती मला फार मोलाची वाटते. आवडतं उत्तर सोडून देणं तिथे शिकलं जातं.

५. कुणाला विचारलं, कुठे विचारलं?

'असर'चे स्वयंसेवक घरोघरी जातात, म्हणून शाळेत न जाणारं मूलही त्यात येतं. शाळेत घेतलेल्या चाचणीत ते येत नाही. शिवाय हे सर्वेक्षण ग्रामीण आहे. शहरातल्या शाळांवर बेतलेला पर्याय दिसला की तो बाजूला.

६. दोन कारणं जुळली, तर त्यांना वेगळं करणारा आकडा मागा.

पुन्हा ८५५ कडे येतो. निरक्षरता हे कारण टिकत नाही. गडचिरोलीत साक्षरता आपल्याहून कमी, पण हेच प्रमाण ९५० च्या वर होतं. उरतात दोन: गर्भलिंगनिदान, आणि जन्मलेल्या मुलीची हेळसांड. दोन्ही कारणांनी ८५५ येऊ शकतं. जन्मनोंदणी मागवली की ती वेगळी होतात. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. जन्माच्या वेळीच त्या बऱ्याच कमी असतील, तर बोट सोनोग्राफीच्या खोलीकडे जातं, ज्यासाठी १९९४ चा कायदा आहे. जन्माला पुरेशा आल्या आणि सहाव्या वर्षापर्यंत कमी झाल्या, तर दोष घरातल्या ताटाचा आणि न केलेल्या उपचारांचा. "खालीलपैकी कोणती माहिती या निष्कर्षाला बळकटी देईल?" हा प्रश्न नेमकं हेच मागत असतो.

७. गुणांचा हिशेब.

राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या सीसॅटमध्ये ८० प्रश्न, २०० गुण, चुकीच्या उत्तराला पाव भाग वजा, आणि पात्रतेला ३३ टक्के. दोन पर्याय कारण देऊन खोडता आले, तर उरलेल्या दोनांतून निवडणं फायद्याचं. नुसतं "हे बरोबर वाटत नाही" म्हणून खोडू नका.

८. निकाल लागायच्या आधी लिहून ठेवा.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजना २०१५ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या १०० जिल्ह्यांत बुलढाणा होता. तुमचं कारण खरं असेल तर ८५५ चं किती व्हायला हवं, आणि कशामुळे, हे मी प्रत्येकाला तारखेसह वहीत लिहायला लावलं आहे. बहुतेकांनी लिहिलं, योजनेमुळे वाढेल. एका मुलीनं हरकत घेतली: मुख्यतः खाली गेलेले जिल्हे निवडले, ते योजनेशिवायही थोडे वर येऊ शकतात, मग फरक कसा ओळखायचा? तिच्या म्हणण्याप्रमाणे आता पहिल्या यादीत नसलेल्या, पण २०११ मध्ये जवळपास आपल्याइतकाच आकडा असलेल्या जिल्ह्यांचा तक्ता आम्ही करतो आहोत. राज्याबाहेरचे जिल्हेही धरावे लागतील, कारण महाराष्ट्रातले तळाचे जिल्हे यादीतच गेले होते.