वाचकांचे प्रश्न : परदेशात राहून इथलीच नोकरी

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा. दिल्लीत मुनिरका गावात खोली घेऊन राहतो आणि पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरूनच करतो. जूनपासून आठ महिने थायलंडमध्ये, चियांग माईला राहून हेच काम करावं म्हणतो. तिथे खर्च दिल्लीइतकाच येतो असं मित्र सांगतात. शिवाय 182 दिवस बाहेर राहिलं की प्राप्तिकरही सुटतो म्हणे. खरं का?
— एक वाचक, मुनिरका

उत्तर : खर्चाचं जमेल, कराचं मात्र चूक आहे. आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात असलात की तुम्ही रहिवासी ठरताच. पण वर्षात 60 दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस इथे असलात, तरीही ठरता. एप्रिल-मे आणि फेब्रुवारी-मार्च धरले तर तुमचे 120 दिवस भारतातच जातात. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाला 60 ऐवजी 182 ची सवलत आहे. पण पुण्याचीच नोकरी चियांग माईत बसून करणं त्यात बसतं, हे अधिकाऱ्याला पटवायला जाल तर वाद होणारच. मी त्या भरवशावर राहणार नाही. पगारावर इथे कर भरायचा, असंच धरून चाला.

तिकडे कॅलेंडर वर्षात 180 दिवस झाले की थायलंडही तुम्हाला करासाठी रहिवासी मानतं. जून ते डिसेंबरचेच 214 दिवस होतात. दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण कागदपत्रांचा व्याप दोन्हीकडे.

पर्यटक व्हिसावर लॅपटॉप उघडून नोकरी करू नका. 2024 मध्ये थायलंडने दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी डीटीव्ही व्हिसा आणला. मुदत पाच वर्षं, एका वेळी मुक्काम 180 दिवस. पण खात्यात पाच लाख बाथ, म्हणजे बारा लाख रुपयांहून जास्त दाखवावे लागतात. स्वस्ताईची खरी अडचण ही! मलेशियाच्या डीई रांताऊ पासला संगणक क्षेत्रातल्यांकडे वर्षाला 24,000 डॉलर उत्पन्न लागतं, इंडोनेशियाला तब्बल 60,000.

माझं मत विचाराल तर आठ महिने सोडा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य एवढंच जा. दिल्लीचा धूर चुकेल. पुढे मार्चमध्ये चियांग माईच्या आसपास शेतं आणि जंगलं पेटतात, तो धूर वेगळाच. कंपनीची लेखी परवानगी आधी घ्या, आरोग्य विमा तिथे चालतो का तेही विचारा. आणि मागे खोलीत मित्राला ठेवणार असाल, तर घरमालकाची संमती लेखीच हवी.