नावेची भाषा

मुलांनो, ‘अमक्याने संस्थेचे सुकाणू हाती घेतले’, असे वाक्य तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. पण सुकाणू म्हणजे काय, असे विचारले, तर वर्गातील थोडेच हात वर होतात. यात तुमचा दोष नाही. नद्यांवर पूल झाले, मोटारी आल्या आणि नावेशी आपला संबंध तुटत गेला. शब्द तेवढे बोलण्यात राहिले. ते शब्द जेथे घडले, त्या नदीकाठी आज आपण जाऊ.

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, वाईवरून वाहत येऊन कऱ्हाडला कोयनेस भेटते आणि पुढे सांगलीस येते. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली झाला. त्यापूर्वी तेथे पावसाळ्यात पलीकडे जाण्यास नावेवाचून गत्यंतर नसे. आपण उभे असतो तो ऐलतीर, समोरचा तो पैलतीर. पाणी ओसरल्यावर पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा, तिला ‘उतार’ म्हणतात. नावेतून जाणारा तो ‘उतारू’. पुढे आगगाडी आली, तेव्हा तिच्यातील प्रवाशासही लोक उतारूच म्हणू लागले.

आता नाव पाहू. पाणी कापीत जाणारे तिचे पुढचे टोक म्हणजे ‘नाळ’. पाणी उथळ असेल तेथे नावाडी लांब वेळू तळास टेकून नाव ढकलतो. खोल पाण्यात वेळू तळास पोचत नाही. तेथे वल्हे लागते. वल्ह्याच्या रुंद पात्याने पाणी मागे लोटले, की नाव पुढे सरकते. यालाच ‘वल्हवणे’ म्हणतात. नावेच्या मागच्या बाजूस असते ते सुकाणू. ते डावीउजवीकडे फिरविले, की नावेचे तोंड वळते. लहान होडीत हेच काम मागे बसलेला नावाडी वल्ह्याने करतो. वल्ह्याने गती मिळते, सुकाणूने दिशा मिळते. म्हणूनच संस्थेच्या प्रमुखाच्या हाती आपण सुकाणू देतो, वल्हे देत नाही!

सह्याद्रीपलीकडे, समुद्रावर, आणखी शब्द भेटतात. डोलकाठीस बांधलेले शीड वाऱ्याने फुगते आणि गलबत चालू लागते. तेथे ‘नांगर’ही असतो, पण तो शेतातला नव्हे. शेतकऱ्याचा नांगर पुढे चालतो, खलाशाचा नांगर गलबतास जागच्या जागी धरून ठेवतो. शब्द एक, काम निराळे.

नावाड्याचे खरे कसब मात्र भरल्या नदीत दिसते. पैलतीरीचा घाट अगदी समोर असला, तरी तो नाव सरळ समोर नेत नाही. आधी काठाकाठाने प्रवाहाच्या उलट दिशेस नेतो आणि मग धार तिरपी कापतो. प्रवाह नावेस खाली ओढीत असतो. त्यामुळे ती नेमकी घाटास लागते. नदीशी न झगडता तिच्याच बळाचा उपयोग करून घेण्याची ही युक्ती आहे.

या भाषेतील सर्वांत महत्त्वाचा शब्द मी लहानपणी शिकलो. आमची शाळा पैलतीरी होती. परीक्षेच्या दिवशी मी धावत घाटावर आलो, तो नावाडी म्हणाला, “भरली!” मी रडकुंडीस येऊन म्हटले, “तात्या, मी एकटाच आहे. घ्या ना!” त्यांनी नावेच्या काठाकडे बोट दाखविले. काठ पाण्याच्या वर जेमतेम वीतभर उरला होता. ते म्हणाले, “पोरा, पान्याला तुझी परीक्षा कळत न्हाई. फुडच्या खेपंला तू पैला.” मला उशीर झाला, रागही आला. पण दुसऱ्या खेपेस त्यांनी मला खरोखरच आधी बसविले.

त्या शब्दाचे मोल मला फार उशिरा कळले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेस महापूर आला. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटका करून घेणाऱ्या ग्रामस्थांची नाव उलटली. तीत माणसे फार झाली होती. अनेकांचे प्राण गेले. त्यांत स्त्रिया होत्या, बालकेही होती. घरात पाणी शिरलेले असताना जिवाच्या आकांताने नावेत चढणाऱ्या माणसास दोष कसा द्यावा? पण त्या दिवसापासून ‘भरली’ हा शब्द आठवला, की तात्यांचे ते बोट माझ्या डोळ्यांपुढे येते.

मुलांनो, नावेत बसण्याचा प्रसंग तुम्हांवर केव्हाही येईल. तेव्हा नावाड्याचे ऐका. बसल्या जागेवरून उठू नका, एका बाजूस गर्दी करू नका; तसे केल्याने नावेचा तोल जातो. आणि तो ‘भरली’ म्हणाला, तर काठावर थांबा. खेप पुन्हा येते.

अभ्यास

१. संस्थेच्या प्रमुखाच्या हाती आपण ‘सुकाणू’ देतो, ‘वल्हे’ का देत नाही?
२. नावाडी भरल्या नदीत नाव सरळ समोर का नेत नाही? आकृती काढून सांगा.
३. “पाण्याला तुझी परीक्षा कळत नाही”, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. ‘नांगर’ व ‘उतार’ हे शब्द प्रत्येकी दोन निराळ्या अर्थांनी वाक्यांत योजा.
५. आपल्या गावातील वडीलधाऱ्यांस विचारून नदी, नाव व पूर यांसंबंधीचे दहा शब्द अर्थांसह लिहून आणा.