आधी त्यांना विचार

चि. सोनू,


तुझा मेल दोनदा वाचला. ज्या बाईंबद्दल तू लिहिलंस, त्यांची उजवी बाजू लकव्याने गेली होती. आता पकड सुधारली आहे, पेगबोर्डवरच्या खुंट्या त्या भराभर बसवतात, पण घरी अंघोळ सून घालते आणि घासही तीच भरवते. आपलं काय चुकतंय, असं तू विचारतेस. चुकत काही नाही, काम अर्धं राहिलं आहे.

त्यांना स्वतःच्या हाताने काय करायचं आहे, हे त्यांना विचारलंस का? बार्थेल इंडेक्स तू भरलास, ते उत्तम. त्यात जेवण, अंघोळ, कपडे, जिने अशी दहा कामं आहेत आणि गुण 100 पर्यंत. पण देवपूजा त्यात नाही, भाकरी नाही, नातवाचा डबा भरणंही नाही. मला भेटलेल्या कितीतरी बायकांना नेमकं यातलंच काहीतरी परत हवं असायचं. ते एकदा कळलं की व्यायाम कशासाठी करायचा, हे त्यांना वेगळं समजावावं लागत नाही.

मग ते काम सुटं करून बघ. अंघोळच घे. बादली जमिनीवर, तांब्याला धरायला कान नाही, फरशी ओली आणि उभं राहून वाकायचं. यातलं पकडीशी निगडित किती आहे? बादली स्टुलावर ठेव, बाईंना पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसव, तांब्याऐवजी दांड्याचा मग दे. साबण जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांध. कमजोर हाताने चांगला हात चोळता येत नसेल, तर मांडीवर साबण लावलेला पंचा पसरायचा आणि त्यावर चांगला हातच घासायचा. ब्लाउज घालताना आधी कमजोर हात, काढताना आधी चांगला. हुकांच्या जागी वेल्क्रो शिवून घेता येतं, बाहेरून पाहणाऱ्याला कळतही नाही.

स्वयंपाकघरात विळी नको. एका फळीला दोन स्टीलचे खिळे मारून घे, त्यात बटाटा खोचला की एका हाताने चिरता येतो. परातीखाली ओलं फडकं ठेवलं की ती सरकत नाही. तरीही कमजोर हात परातीच्या काठावर ठेवायला लाव. जो हात कामाला लागत नाही, त्याला माणूस हळूहळू विसरतो, आणि येत असलेली हालचालही मग वापराबाहेर जाते.

सुनेला दोष देऊ नकोस. भरवायला दहा मिनिटं लागतात, स्वतः जेवायला पाऊण तास, आणि तिला सकाळची लोकल गाठायची असते. तिला इतकंच सांग, की दुपारचा चहा आणि रविवारचं जेवण सासूबाईंनी स्वतः घ्यायचं, सांडलं तरी कुणी पुढे व्हायचं नाही. घाईच्या वेळी मदत करायला हरकत नाही.

वॉर्डातल्या आजोबांबद्दलही तू लिहिलंस, त्यांचं मात्र वेगळं आहे. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काहींना डावी बाजू जाणवतच नाही. नजर चांगली असते, लक्ष तिकडे जात नाही. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर सगळं डावीकडे. त्यामुळे ‘आज चटणी वाढलीच नाही’ अशी त्यांची तक्रार हट्टाची नाही. ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लाव आणि घास घेण्याआधी ती शोधायची सवय लाव. ताट फिरवून दिलंस तर त्या दिवसाचं जेवण होईल, पण शोधायला ते शिकणार नाहीत.

ऑक्युपेशनल थेरपीच्या आपल्या पुस्तकांत आजही टब आणि उंच टेबलं असतात. कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकेतल्या. त्यांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं भारतातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. तेव्हापासून मोरी, पाट आणि चूल यांचा विचार आपल्याकडच्या थेरपिस्टना स्वतःच करावा लागला आहे. तुलाही करावा लागेल, आणि मला तरी हाच भाग सगळ्यात आवडला.

एक गोष्ट मला उशिरा उमगली, तुला आत्ताच सांगते. सगळं एकट्याने करणं म्हणजेच स्वावलंबन, असं धरून बसू नकोस. अंघोळीतच सगळी ताकद संपत असेल आणि बाई म्हणाल्या, ‘अंघोळ सून घालू दे, मला पूजा करायची आहे’, तर तो निर्णय त्यांचा आहे. फॉर्मवर गुण कमी पडतील, पडू देत.

शनिवारी बाईंच्या घरी जाणार आहेस, तर मोजपट्टी ने. बाथरूमच्या दाराची रुंदी, उंबऱ्याची, कमोडची आणि ओट्याची उंची लिहून आण. आधाराचा बार लावायचा ती भिंत विटांची आहे का, ते बघ, पातळ पार्टिशनवर बार टिकत नाही. टॉवेलच्या दांडीला धरून कुणी उठत असेल, तर ते त्याच दिवशी बंद कर. घर भाड्याचं असेल, तर बारसाठी मालकाला विचारायला मुलाला सांग. मापं मला पाठव, ओट्याचं काय करायचं ते फोनवर ठरवू.

तुझी,
आत्या