प्लेटलेट खरेच कमी आहेत का?

प्रश्न : आईला ताप नाही, रक्तस्राव नाही. तरी निपाणीत प्लेटलेट ४२ हजार, दुसऱ्या दिवशी बेळगावात १ लाख ८० हजार. खरा आकडा कोणता? – एक वाचक, निपाणी

उत्तर : बहुधा दुसरा. जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. यंत्र पेशी ओळखते आकारावरून, त्यामुळे अशी गुठळी प्लेटलेटमध्ये धरलीच जात नाही. नमुना दूरच्या लॅबमध्ये पोहोचेपर्यंत गुठळ्या वाढतात. रक्त घेताना नळी नीट हलवली नाही तरी हेच होते. उलट, तांबड्या पेशींचे तुकडे प्लेटलेट म्हणून मोजले गेले तर आकडा फुगतो. ती चूक मला अधिक धोक्याची वाटते. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा. गुठळ्या दिसल्यास निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा मोजून आकड्याला १.१ ने गुणतात. दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. केवळ यंत्राच्या आकड्यावरून प्लेटलेट चढवण्याची घाई नको.