घरच्या घरी अल्पवेळाचा बलवर्धक व्यायाम

पूर्वी तालमीत जाणाऱ्या मनुष्याच्या दिनक्रमात व्यायामासाठी स्वतंत्र वेळ राखलेला असे. बडोद्याचे जुम्मादादा व्यायाममंदिर व तेथील राजरत्न प्रो. माणिकराव यांची कीर्ती मराठी भाषकांत सर्वदूर पोहोचली होती. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली मराठी व्यायाम-ज्ञानकोश सिद्ध झाला तोही बडोद्यातच. त्या परंपरेतील जोर, बैठका व सपाट्या आजही तितक्याच उपयुक्त आहेत. मात्र सकाळची बस गाठणारा कारकून, दोन वर्ग एकत्र सांभाळणारी शिक्षिका किंवा पहाटेच गोठ्याकडे वळणारा शेतकरी यांना तासभर सवड मिळणे कठीण. वेळ नाही म्हणून व्यायामच नाही, अशी बहुतेकांची स्थिती होते.

वस्तुतः बलवर्धनास फार वेळ लागत नाही. प्रौढांनी आठवड्यातून निदान 2 दिवस शरीरातील सर्व प्रमुख स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात म्हटले आहे. चालणे, सायकल इत्यादी दमसासाचे व्यायाम याव्यतिरिक्त होत. हे 2 दिवस कोणते असावेत, याची सक्ती नाही. दोहोंमध्ये एखाद-दुसरा दिवस विश्रांतीचा असावा, इतकेच.

थोड्या वेळात हे साधते कसे? स्नायू असंख्य तंतूंचा बनलेला असतो. हलके काम असेल तर शरीर त्यांतील थोडेच, लहान व चिवट तंतू कामास लावते. भार वाढला किंवा थकवा जवळ आला म्हणजेच मोठे व जोमदार तंतू हाती घेते. म्हणून सहज निघणाऱ्या 100 बैठकांपेक्षा शेवटच्या दोन-तीन जड जाव्यात अशा सावकाश 12 बैठका बलाच्या दृष्टीने अधिक लाभदायक ठरतात. शेकड्यांनी जोर मोजण्याचा आपल्याकडील अभिमान कौतुकास्पद असला, तरी त्याने वाढतो तो मुख्यतः दमसास.

शेतीत राबणाऱ्यास वेगळा व्यायाम कशास हवा, अशी शंका नेहमी घेतली जाते. कष्टाने शरीर काटक होते यात संशय नाही. परंतु लावणी-खुरपणीत तासन् तास वाकून तीच हालचाल होते, भार क्रमाने वाढत नाही आणि कंबर तेवढी शिणते. बैठ्या नोकरीची तर गोष्टच वेगळी. साधारणतः चाळिशीच्या सुमारास स्नायूंचा ऱ्हास हळूहळू सुरू होतो व साठीनंतर त्याचा वेग वाढतो. जमिनीवरून हात न टेकता उठता न येणे, हे त्याचेच घरोघरी दिसणारे लक्षण होय. पडण्याचा व हाड मोडण्याचा धोका तेथूनच वाढतो.

घरी करावयाच्या हालचाली चारच पुरेत. पहिली बैठक: नवख्याने भक्कम खुर्चीवर बसून उठावे, पुढे खुर्ची काढून टाकावी. दुसरी जोर: आरंभी भिंतीला हात टेकून, मग ओट्याला, शेवटी जमिनीवर. तिसरी ओढण्याची. जोरांनी छाती व दंड बळकट होतात, पण पाठ मागे राहते. म्हणून एक हात खुर्चीवर टेकून दुसऱ्या हाताने पाण्याने भरलेला कॅन कमरेपर्यंत ओढावा. 1 लिटर पाणी म्हणजे जवळजवळ 1 किलोग्रॅम, त्यामुळे वजन हवे तसे वाढविता येते. चौथी, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकून पाण्याची बादली उचलणे. येथे पाठीला बाक आल्यास इजा संभवते; बादली पायांच्या अगदी जवळ असावी.

प्रत्येक हालचाल 8 ते 12 वेळा करावी आणि मध्ये थोडे थांबून चारींचे असे 2 फेरे घ्यावेत. सुमारे 12 ते 15 मिनिटांत काम आटोपते. एकाच वेळी तेवढेही जमत नसेल, तर सकाळी बैठका व जोर, सायंकाळी उरलेले, अशी विभागणी करण्यास हरकत नाही. 12 वेळा सहज होऊ लागले की भार वाढवावा किंवा हालचाल अवघड करावी. वर्षभर तेच आणि तेवढेच केल्यास वाढ थांबते. पहिल्या काही आठवड्यांतील प्रगती बव्हंशी मज्जातंतूंना वळण लागल्यामुळे असते, स्नायू भरण्यास त्याहून अधिक काळ लागतो. दंड भरलेले दिसत नाहीत म्हणून महिन्याभरात व्यायाम सोडणारे पुष्कळ आहेत. आहारात डाळी, कडधान्ये, दूध, अंडी किंवा मासे यांपैकी काही रोज असावे.

उचलताना श्वास कोंडू नये. त्याने रक्तदाब एकाएकी चढतो. जोर लावताना श्वास सोडावा, परतताना घ्यावा. हृदयविकार वा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी, गर्भवतींनी व नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. दुसऱ्या दिवशी अंग दुखणे स्वाभाविक आहे. सांध्यात तीव्र कळ, छातीत दडपण किंवा भोवळ आल्यास मात्र तत्काळ थांबून उपचार घ्यावेत. तापानंतर पुन्हा सुरुवात करताना पूर्वीच्या निम्म्या भारापासून करावी.