राहणाऱ्यांच्या मागे उभी राहा

चि. सोनूस,


काठमांडूच्या बालगृहात सहा महिने काम करायला जायचं तू ठरवलंस, हे ताईने फोनवर सांगितलं. तिला तुझ्या खाण्यापिण्याची आणि थंडीची काळजी लागली आहे. मला ती नाही. दोन जाड स्वेटर असले की थंडी भागते, आणि दोन वेळच्या डाळभातावर सगळं नेपाळ राबतं. मला बोलायचं आहे ते निराळं. त्या शहरात अशाच एका घरात मी काम केलं, पुढेही जाऊन-येऊन राहिले. तिथे जे कळलं ते तू निघायच्या आत तुझ्या कानावर घालावं म्हणून हे पत्र.

सांगायचं ते एकच आहे. त्या घरात तू परत जाणारी आहेस. स्वयंपाकघरातली दिदी, वॉर्डन, शाळेतले शिक्षक हे राहणारे आहेत. मुलांचा जीव राहणाऱ्यांवर जडला पाहिजे. त्यांचे हात मोकळे करणं, त्यांना दोन घटका दम खाऊ देणं, हे तुझं काम. बाकी सगळं याच्या पोटात येतं.

आधी घराची नीट पारख कर. आपल्याला नेपाळचा व्हिसा लागत नाही, सीमेवर कुणी अडवत नाही, त्यामुळे चौकशीची जबाबदारी तुझ्यावरच पडते. पारख का करायची, ते ऐक. १९९६ ते २००६ या काळात नेपाळात माओवादी संघर्ष पेटला होता. हुम्ल्यासारख्या दूरच्या डोंगराळ जिल्ह्यांतल्या आईबापांना दलाल गाठायचे, ‘पोराला काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो’ म्हणून पैसे उकळायचे आणि मुलं शहरात आणून सोडायचे. आईवडील वारल्याचे खोटे कागदही कितीतरी मुलांच्या नावाने तयार झाले. कॉनर ग्रेनन नावाचा अमेरिकन तरुण २००४ साली काठमांडूजवळच्या गोदावरीत स्वयंसेवक म्हणून आला होता. ज्यांना अनाथ समजून आपण सांभाळलं त्यांचे आईबाप जिवंत आहेत हे कळल्यावर तो त्यांच्या शोधात हुम्ल्याच्या डोंगरांत पायी हिंडला. ‘लिटल प्रिन्सेस’ हे त्याचं पुस्तक जाण्याआधी वाचून काढ.

आजही नेपाळच्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, दोघांपैकी एक तरी हयात असतात. आणि ही घरं बहुतांशी कुठे आहेत? काठमांडूचं खोरं, पोखरा, चितवन. म्हणजे जिथे परदेशी पाहुणे येतात तिथे. गरिबी तर हुम्ल्याकडच्या कर्णालीच्या डोंगरात अधिक आहे. पाहुण्याच्या पैशाने मूल आपल्या गावातून ओढलं जातं, हे नीट ध्यानात घे. २०१५च्या एप्रिलमधल्या मोठ्या भूकंपानंतर तर सरकारला आईबापांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला आणि नवी बालगृहं उघडायला बंदी घालावी लागली होती.

म्हणून संस्थेला तीन गोष्टी स्पष्ट विचार. दसैंला, म्हणजे तिथल्या दसऱ्याला, मुलं आपापल्या घरी किंवा नातेवाइकांकडे जातात का? स्वयंसेवकाला घ्यायच्या आधी तुम्ही पोलिसांचा दाखला मागता का? आणि स्वयंसेवक नसले तर हे घर चालतं का? पैसे भरून आठवडाभरासाठी कुणीही या, मुलांबरोबर खेळा, असं जिथे चालतं तिथे पाऊल ठेवू नकोस. २०१८ साली तिथे मुलांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. त्यात मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय मानला आहे. चांगलं घर हे स्वतःहून सांगतं. अशी घरं आहेत आणि त्यांची गरजही आहे. आईबाप तुरुंगात असलेल्या मुलांना बाहेर काढून वाढवणाऱ्या पुष्पा बस्नेत यांचं काम सगळ्या नेपाळला ठाऊक आहे. जिथे खरोखर कुणी नाही तिथे कुणीतरी उभं राहावंच लागतं.

आता आठवडा कसा जातो ते सांगते.

नेपाळात सुट्टी शनिवारची. रविवारी आपल्याकडे सामसूम असते, तिथे पहाटे पाचला कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात. भान्से दिदी, म्हणजे स्वयंपाकाच्या बाई, सगळ्यांच्या आधी उठलेल्या असतात. तूही ऊठ. तांदूळ निवड, पालेभाजी चिरून दे, चहाची भांडी घास. मुलं उठून तोंड धुतात, तासभर अभ्यासाला बसतात आणि नऊच्या सुमाराला पोटभर जेवतात. दाल, भात, तरकारी, थोडं लोणचं. हेच सकाळचं मुख्य जेवण, आपल्यासारखा पोहे-उपम्याचा नाश्ता नाही. मग गणवेश, टाय, हरवलेला मोजा. एक मोजा रोज हरवतो. तो शोधायला तू धावू नकोस. शोधायचा कसा हे मोठ्या मुलांनी धाकट्यांना दाखवायची तिथे पद्धत असते, ती मोडू नकोस.

दहाला शाळा भरली की घर रिकामं होतं. स्वयंसेवकाचं खरं काम तेव्हा सुरू होतं, आणि बहुतेक स्वयंसेवक नेमके तेव्हाच बाजारात फिरायला जातात. औषधांची वही लिहायची असते. कुणाच्या दातांसाठी दवाखान्याची तारीख, कुणाच्या चष्म्याचा नंबर, कुणाच्या जन्मदाखल्याची नक्कल, या सगळ्या नोंदी ऑफिसात अर्धवट पडलेल्या असतात. देणगीदारांना इंग्रजीत पत्रं जायची असतात. तुझं कॉम्प्युटरचं शिक्षण इथे कामाला येईल. नेपाळीची लिपी देवनागरी, तेव्हा कागद वाचायला तुला वेळ लागणार नाही. भाषाही महिन्या-दोन महिन्यांत कानावर बसेल. एखादी नवी पद्धत बसवलीस तर ती तिथल्याच कुणाला तरी शिकवून ये. जी वही फक्त तुला कळते ती तू गेल्यावर कपाटात जाते.

चारला मुलं येतात. खाजा, म्हणजे मधल्या वेळचं खाणं, असतो: कोरडे पोहे, चण्याची उसळ, कधी चाउचाउ, म्हणजे नूडल्स. मग खेळ, गृहपाठ, सातला जेवण, निजानीज. संध्याकाळचे हे तीन तास मुलं तुझ्याभोवती असतील. गणित शिकव, इंग्रजी वाचून घे, जरूर. पण मुलाला ताप आला, दोघांची मारामारी झाली, कुणी रडत बसलं, तर आधी दिदीला हाक मार आणि तू तिच्या बाजूला बस. शुक्रवारी शाळा लवकर सुटते, त्या दिवशी नखं कापायचा कार्यक्रम असतो.

शनिवार कौसीवरचा, म्हणजे गच्चीवरचा. ऊन आलं की बादल्या वर चढतात. आठवडाभराचे गणवेश, चादरी, मोजे. मोठी मुलं पायांनी तुडवून धुतात, धाकटी पिळायला दोन टोकं धरून उभी राहतात. पाणी टँकरचं, म्हणून साबणाच्या पाण्याने आधी जमीन धुतली जाते आणि मगच ते सोडलं जातं. अंघोळी झाल्या की मुली ओळीने बसतात, एकीच्या मागे दुसरी, आणि तेल लावून बारीक फणीने उवा-लिखा काढणं चालतं. या ओळीत तुला कुणी बोलावलं तर बस. ओळीचं टोक धर, मधे घुसू नकोस.

दुपारी मुलांना आपापल्या घरी फोन करायचा असतो. आमच्या घरात हुम्ल्याचा एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याचे वडील मोबाइलला रेंज मिळावी म्हणून गावावरच्या डोंगराच्या धारेवर चढून यायचे. मुलगा फोन कानाला लावून नुसता उभा. तिकडून वडील बोलतायत आणि याच्या तोंडून शब्द नाही. माझ्यातलं कुणीतरी म्हणत होतं, की पुढे होऊन त्याला बोलतं करावं. वॉर्डन दिदींनी मला डोळ्यांनीच थांबवलं. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, ‘बाख्री ब्याई?’ शेळी व्यायली का. आणि मग तो बोलतच राहिला. त्या घरात त्याच्यासाठी आठवड्यातलं सगळ्यात मोलाचं काम तो फोन होता, आणि त्यात माझा वाटा एवढाच की मी गप्प राहिले.

पहिल्या दिवशी काय होईल तेही सांगून ठेवते. धाकटी मुलं धावत येऊन तुला मिठी मारतील, कडेवर घे म्हणतील. तुला भरून येईल. पण आईबापांजवळ वाढलेलं मूल अनोळखी माणसाला असं बिलगत नाही, आधी आईच्या मागे दडतं. संस्थेत वाढलेल्या मुलांच्या या कुणालाही बिलगण्याचा अभ्यास झालेला आहे. रुमानियातल्या अनाथालयांतल्या १३६ मुलांवर २००० सालानंतर बुखारेस्टमध्ये मोठं संशोधन झालं. संस्थेतून काढून पालक कुटुंबात ठेवलेली मुलं संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सुधारली, आणि वयाची दोन वर्षं पुरी व्हायच्या आत ज्यांना घर मिळालं ती सर्वांत जास्त. मुलाला सतत तेच माणूस लागतं. दर दोन महिन्यांनी नवी दिदी आली, लाड केले आणि निघून गेली, की मूल जीव लावायचंच सोडून देतं. म्हणून त्या मिठीला हसून नमस्ते कर, नाव विचार, आणि त्याचा हात धरून त्याला त्याच्या दिदीकडे घेऊन जा.

काही नियम विनातक्रार पाळ. मुलाबरोबर बंद खोलीत एकटी बसू नकोस. मुलाचा फोटो तुझ्या मोबाइलमध्ये नको, इन्स्टाग्रामवर तर मुळीच नको. तुझ्या भाच्याचा फोटो परक्याने टाकला तर आपल्याला चालेल का? ‘तू इथे कशी आलीस, आईबाबा कुठे आहेत’ हे कुणाही मुलाला विचारू नकोस. मुलाने आपणहून सांगितलं तर ऐक आणि ते तुझ्याजवळच ठेव. धोक्याचं काही असेल तर मात्र त्याच दिवशी वॉर्डनला सांग. एकट्या मुलाला भेटवस्तू देऊ नकोस. द्यायचंच तर ऑफिसला विचारून सगळ्यांच्या उपयोगाचं दे.

तू तिहारमध्ये, म्हणजे तिथल्या दिवाळीत, तिथे असशील. आपल्या भाऊबीजेच्याच दिवशी तिथे भाइटीका असते. सप्तरंगी टिळा, मखमली फुलांची माळ, दारात फोडलेला अक्रोड. मुलींना मुलांच्या कपाळी टिळा लावू दे, तू माळा ओवून दे.

निघायची तारीख पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना सांग आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण कर. ‘पुन्हा येईन’ हे शब्द तोंडातून काढू नकोस. येणार असलीस तर तिकीट काढल्यावर कळव. चोरून, मुलं शाळेत असताना निघून जाऊ नकोस. सगळ्यांसमोर निरोप घे.

आणि परत आल्यावर अशा मुलांसाठी जे पैसे जमवशील ते कुठे द्यायचे याचा विचार कर. नुसत्या गरिबीपायी मूल आईबापांपासून तोडू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००९च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेलं आहे. मुलाची फी, आजारपण आणि गावी जायचं भाडं एवढ्याची सोय झाली तर पुष्कळ मुलं आपल्या घरी राहू शकतात. अशा मुलांना घरी पोचवणाऱ्या, तिथे त्यांची शाळा चालू ठेवणाऱ्या कामाला पैसे दे. नव्या इमारतीला देऊ नकोस.

सोनू, तुझं मन मोठं आहे म्हणून तू निघालीस, हे मला माहीत आहे आणि मला तुझा अभिमान वाटतो. त्या मनाला शिस्त लाव. तुझी आठवण एकाही मुलाला फार दिवस राहिली नाही, पण भान्से दिदींचं ओझं थोडं हलकं झालं, ऑफिसच्या नोंदी पुऱ्या झाल्या आणि एखादं मूल दसैंला घरी गेलं आणि त्याला परत यायची गरज उरली नाही, तर तुझे सहा महिने सार्थकी लागले असं समज. संस्थेची उत्तरं आली की मला पाठव, आपण दोघी मिळून वाचू. त्याआधी तिकीट काढू नकोस.

तुझी,
मावशी