कंपनांचे जग आणि भातातील कोळी

भिलाई ज्यात आहे त्या दुर्ग जिल्ह्यात भात हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. या पिकावरील तपकिरी तुडतुड्यांचे नर व मादी रोपातून जाणाऱ्या सूक्ष्म कंपनांद्वारे परस्परांना साद घालतात. कीटक व कोळी यांच्या अशाच ध्वनी-कंपन व्यवहाराचा अभ्यास कॅनडातील वेस्टर्न विद्यापीठाच्या शास्त्रज्ञ डॉ. नताशा म्हात्रे करतात. झाडावरील रातकिड्याचा नर पानाला छिद्र पाडून त्यातून गातो व आपला आवाज वाढवितो. त्यासाठी तो छिद्राचा आकार व जागा अचूक साधतो, असे त्यांच्या गटाने 2017 मध्ये दाखविले. ‘ब्लॅक विडो’ कोळ्याच्या शरीराची ठेवण बदलली की त्याची कंपने टिपण्याची क्षमताही बदलते, हेही त्यांच्या अभ्यासातून दिसले.

भातातील लांडगा कोळी जाळे न विणता चुडांवर फिरून तुडतुडे टिपतो. व्यापक परिणामाच्या कीटकनाशकांनी हा रक्षक मरतो आणि तुडतुडे पुन्हा उसळतात. म्हणून फवारणीपूर्वी चुडाच्या बुंध्याशी तुडतुड्यांबरोबर कोळीही मोजावेत. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार, कोळी नसल्यास दर फुटव्यास 1 तुडतुडा, तर दर चुडास 1 कोळी असल्यास दर फुटव्यास 2 तुडतुडे ही आर्थिक नुकसानीची पातळी होय.